कृतीचे व्हिडिओ आणि त्यांच्यामागचा समूह

कृती शिकवणारा व्हिडिओ पाहताना सगळे सोपे वाटते. धानाचे बी मिठाच्या पाण्यात कसे टाकायचे, मिरचीच्या रोपांसाठी गादीवाफा कसा करायचा, मोबाइलवरून सातबारा कसा काढायचा, हे दोन-चार मिनिटांत कळल्यासारखे होते. प्रत्यक्ष हात घातला की शंका निघू लागतात, आणि तोवर व्हिडिओ संपलेला असतो. त्या शंका विचारायला जागा असावी, उत्तर द्यायला जाणती माणसे असावीत, चुकीचे उत्तर दिसले तर कोणीतरी ते तिथल्या तिथे दुरुस्त करावे. अशी व्यवस्था असेल तरच व्हिडिओंच्या साठ्याला शिकणाऱ्यांचा समूह म्हणता येते. व्हिडिओ काढणे हा या कामातला सोपा भाग आहे. समूह चालवणे हे रोजचे, चिकाटीचे आणि बहुतेकदा कोणाच्या नजरेत न येणारे काम आहे.

पडद्यावरून कृती शिकवण्याची कल्पना भारतात जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मराठी शेतकऱ्याला पडद्यावरचा शेतीसल्ला मिळाला तो मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमातून. त्या काळात बोलणारा एका टोकाला आणि ऐकणारे दुसऱ्या टोकाला होते. शंका असेल तर पत्र लिहायचे आणि वाट पाहायची. २००५ साली यूट्यूब आले, २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, आणि पाहणाऱ्याच्याच हातात कॅमेरा आला. तेव्हापासून सल्ला देणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की नेमका कोणता सल्ला धरायचा, हाच पाहणाऱ्यापुढचा मोठा प्रश्न झाला.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीसारख्या गावाचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न स्पष्ट होतो. गडचिरोलीच्या हद्दीलगतचा हा भाग जंगलाचा आणि धानाचा. केशोरीची मिरचीही नावाजलेली. धान उत्पादकाने मोबाइलवर ‘भात लागवड’ असे शोधले तर कोकणातले आणि मावळातले व्हिडिओ आधी समोर येतात. तिथली जमीन वेगळी, पाऊसमान वेगळे, वाणही वेगळे. पूर्व विदर्भात भाताच्या खाचराला बांधी, रोपांना पऱ्हे आणि लावणीला रोवणी हे शब्द चालतात. शीर्षकात ते नसतील तर त्याच विषयावरचा चांगला व्हिडिओही या भागातल्या माणसाला सापडत नाही. म्हणून समूह चालवणाऱ्याला पहिले काम करावे लागते ते नावे देण्याचे. व्हिडिओ कोणत्या पिकाचा, कोणत्या भागातला, कोणत्या हंगामातला आणि कोणत्या तारखेला काढलेला, हे शीर्षकात किंवा पहिल्या दोन ओळींत आलेच पाहिजे. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्याला खरिपाचा व्हिडिओ तसाच्या तसा लागू पडत नाही.

कृती किती बारकाईने दाखवावी लागते, हे बियाण्याच्या मीठप्रक्रियेवरून समजते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण होते. त्यात बी ओतून ढवळायचे आणि थोडा वेळ स्थिर ठेवायचे. पोचट, हलके दाणे वर तरंगतात. ते चाळणीने काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. लिहायला ही पाच वाक्ये पुरतात. प्रत्यक्षात करणाऱ्याला मात्र विचारावेसे वाटते की मीठ खडे घ्यायचे की बारीक, एका द्रावणात किती किलो बी बुडवता येते, दुसऱ्या खेपेला तेच पाणी चालते का, धुतले नाही तर उगवणीवर काय परिणाम होतो. व्हिडिओत चाळणीने तरंगलेले दाणे काढतानाचे दृश्य चार सेकंदांत संपले असेल तर नेमके तेच दृश्य लोक पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतात. चांगला समूह या शंका लिहून ठेवतो आणि पुढचा व्हिडिओ त्यांच्या उत्तरांसह काढतो.

महाराष्ट्रात या कामाची सर्वांत शिस्तशीर घडी बसवली ती मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेच्या मदतीने तो उभा राहिला. लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथॉन, सायलॅब अशी मुक्त सॉफ्टवेअर स्वतःची स्वतः शिकता यावीत, हा हेतू. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचे, थोडे पाहायचे, थांबवायचे, तेवढे करून पाहायचे, मग पुढे जायचे. नुसते बघत बसायचे नाही, हा त्या पद्धतीचा कणा आहे.

या प्रकल्पातली दोन वैशिष्ट्ये कोणत्याही लहान समूहाने उचलावीत अशी आहेत. पहिले म्हणजे चित्रीकरणाच्या आधीची तपासणी. धड्याची संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलले जाईल. ती संहिता विषयाचा जाणकार तर तपासतोच, पण विषय अजिबात माहीत नसलेल्या नवख्या माणसालाही दिली जाते. त्याने संहितेत लिहिले आहे तेवढेच करून पाहायचे. तो जिथे अडतो तिथे एक पायरी राहिलेली असते. जाणकाराला ती राहिलेली दिसत नाही, कारण त्याचा हात ती पायरी न सांगताच करून मोकळा होतो. केशोरीत मिरचीच्या रोपवाटिकेचा व्हिडिओ करायचा तर संहिता आधी एखाद्या शिक्षकाला किंवा कॉलेजच्या मुलाला देऊन पाहावी. रोप उपटण्याआधी वाफ्याला पाणी द्यायचे असते, हे शेतकरी सांगायला विसरतो. मुलगा लगेच विचारतो.

दुसरे वैशिष्ट्य प्रश्न विचारण्याच्या जागेचे. स्पोकन ट्यूटोरियलमध्ये प्रश्न टाकताना विषय आणि धडा निवडावा लागतो, आणि शंका धड्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आली तेही नोंदवायची सोय असते. ही लहानशी सोय फार मोलाची आहे. ‘मला जमत नाही, मदत करा’ या वाक्याला कोणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. ‘तिसऱ्या मिनिटाला जे बटण दाबले ते माझ्याकडे दिसत नाही’ याला मात्र दोन ओळींत उत्तर देता येते. एकाच धड्याच्या एकाच मिनिटावर दहा जणांनी बोट ठेवले तर दोष शिकणाऱ्यांचा नाही, धड्याचा आहे, हेही कळते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अशी यंत्रणा नसते. पण ‘प्रश्न विचारताना व्हिडिओचे नाव आणि मिनिट लिहा’ एवढा नियम तरी पाळून घेता येतो.

आवाज आणि चित्र वेगळे ठेवल्यामुळे याच धड्यांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रण झाले. चित्र तेच राहते, बोलणे बदलते. पुण्यात अरविंद गुप्ता यांच्या चमूनेही हाच मार्ग धरला. आयआयटी कानपूरचे अभियंते असलेले गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्यापासून भूमितीच्या आकृत्या बनवण्याची युक्ती त्यांना सुचली. पुढे २००३ ते २०१४ या काळात त्यांनी पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केले. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या एक-दोन मिनिटांच्या शेकडो फिती या केंद्रात तयार झाल्या. त्यांत निवेदकाचा चेहरा जवळजवळ दिसत नाही. दिसतात ते हात, कात्री आणि स्ट्रॉ. कागद कोणत्या बाजूने दुमडला, छिद्र कुठे पाडले, हे जवळून दाखवले आहे. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. या फितींचे यश त्यांच्या खुलेपणातही आहे. त्या कोणालाही उतरवून घेता येतात, वर्गात दाखवता येतात, स्वतःच्या भाषेत आणता येतात. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत समजावून सांगणारा एखादा शिक्षक मिळाला तर त्याच फिती गोंदियातल्या मुलांना घरच्या वाटतील.

शेतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे पडद्यावर कोण दिसते. २००६ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिकिन गांधी आणि सहकाऱ्यांनी ‘डिजिटल ग्रीन’चे काम सुरू केले, २००८ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. कर्नाटकातल्या गावांत स्थानिक शेतकऱ्यांचेच चित्रीकरण करायचे, गावातलाच एक माणूस ते लोकांना एकत्र बसवून दाखवणार, मध्ये थांबवून प्रश्न विचारणार, आणि नंतर कोणी काय करून पाहिले याची नोंद ठेवणार, अशी ती पद्धत. १६ गावांत १३ महिने झालेल्या चाचणीत, नेहमीच्या कृषी विस्तार पद्धतीच्या तुलनेत तेवढ्याच खर्चात दसपट परिणाम दिसल्याचे संशोधकांनी मांडले. यातला थांबवून विचारणारा माणूस काढून टाकला तर उरतात त्या फक्त फिती. समूहाचा खरा आधार तोच माणूस असतो. इंटरनेटवरच्या समूहातही अशी चार-पाच माणसे लागतात. त्यांना पगार नसेल, पद नसेल, तरी विचारलेल्या प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर मिळेल एवढे पाहण्याची जबाबदारी त्यांनी घेतलेली असावी लागते. उत्तर माहीत नसेल तर त्यांनी प्रश्न हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा साकोली, सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राकडे न्यावा आणि मिळालेले उत्तर नावानिशी परत आणून टाकावे.

फवारणीच्या व्हिडिओंबाबत कोणतीही सूट देता कामा नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मिरचीवरचा चुरडा-मुरडा आणि फुलकिडे, धानावरचा तुडतुडा आणि खोडकिडा, या प्रत्येक वेळी शेतकरी घाईत असतो, आणि घाईतला माणूस व्हिडिओतले औषधाचे नाव तेवढे लक्षात ठेवतो. मात्रा ‘पंपाला एक झाकण’ अशी सांगितली जाते. प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळ्या मापाचे असते. त्यातच साध्या हातपंपासाठी सांगितलेले दहा लिटर पाण्यामागचे प्रमाण पॉवर पंपाला चालत नाही, कारण त्याला एकरी पाणी फार कमी लागते. म्हणून समूहाने नियमच करावा: मात्रा मिलिलिटर किंवा ग्रॅममध्ये सांगायची, पंप कोणता ते सांगायचे, बाटलीवरचे लेबल आणि त्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण जवळून दाखवायचा, आणि फवारणारा माणूस हातमोजे व तोंडावर मास्क घातलेलाच दिसला पाहिजे. उघड्या हाताने औषध ढवळणारे दृश्य असेल तर बाकीची माहिती कितीही बरोबर असली तरी तो व्हिडिओ घेऊ नये. लोक सांगितलेले ऐकतात त्याहून जास्त दाखवलेले करतात. दोन औषधे एकत्र मिसळण्याचे घरगुती प्रयोग जाणकाराने पाहिल्याशिवाय समूहावर येऊच देऊ नयेत.

जुन्या व्हिडिओंचा धोका वेगळा असतो. फोरेट आणि ट्रायझोफॉस ही कीटकनाशके धानपट्ट्यात कित्येक वर्षे सर्रास वापरली गेली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यांच्यावर बंदी आली. २०१७ मध्ये प्रामाणिकपणे काढलेल्या व्हिडिओत फोरेटचे दाणे दिसत असतील, तर तो आज बंदी असलेले औषध वापरायला शिकवतो, आणि शोधताना तो अजूनही वर येतो, कारण त्याला पाहणारे जास्त. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ ठेवता येत नाही. फार तर काही भाग कापता येतो. त्यामुळे दुरुस्ती वर्णनात पहिल्या ओळीत लिहावी, तीच प्रतिक्रियांमध्ये सर्वांत वर बांधून ठेवावी आणि नव्या व्हिडिओचा दुवा द्यावा. दुरुस्तीने भागणार नसेल तर व्हिडिओ काढून टाकावा, मग त्याला कितीही लाख लोकांनी पाहिलेले असो. नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबने नापसंतीचे आकडे लोकांना दाखवणे बंद केले. कृतीच्या व्हिडिओंचे यात विशेष नुकसान झाले. गाणे आवडले नाही तर काही बिघडत नाही. चुकीची कृती ओळखण्याची पाहणाऱ्याजवळची एक खूण मात्र गेली. ती उणीव समूहाने ‘करून पाहिले, जमले’ आणि ‘करून पाहिले, जमले नाही’ अशा नोंदी मागून भरून काढावी.

खेड्यांत समूह म्हणजे बहुधा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तो सोपा आहे, सर्वांना येतो, पण साठवणीसाठी निरुपयोगी आहे. जूनमध्ये पऱ्हे टाकताना आलेले प्रश्न पुढच्या जूनमध्ये तसेच्या तसे येतात, कारण मागची उत्तरे शुभेच्छांच्या आणि वाढदिवसांच्या संदेशांखाली गाडली गेलेली असतात. ग्रुप बोलण्यासाठी ठेवावा आणि साठा दुसरीकडे करावा. यूट्यूबवर हंगामाप्रमाणे यादी केली तर काम सुटसुटीत होते: बीजप्रक्रिया, पऱ्हे, रोवणी, खत, कीड, कापणी, साठवण. लांब व्हिडिओच्या वर्णनात शून्य मिनिटापासून टप्प्यांच्या वेळा लिहिल्या तर त्याचे भाग पडतात, आणि रोवणीच्या दिवशी बांधीच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला नेमका तोच भाग उघडता येतो. धानलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत दोरीवरच्या १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणांप्रमाणे रोपे लावून, चार रोपांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी खोचायची असते. ते अंतर आणि ती जागा एवढेच पुन्हा पाहायचे असेल तर बारा मिनिटे कोणी थांबत नाही.

ग्रुप चालवणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी किती, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रकरणातून मिळाले. २०१६ मध्ये एका ग्रुपवर सदस्याने महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली. त्याला काढले नाही म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. आधीपासून संगनमत असल्याचे दिसत नसेल तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, कारण मजकूर टाकला जाण्यापूर्वी तो रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला इतरांचे संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. कायद्याने दोषी न ठरणे वेगळे आणि समूहाची जबाबदारी घेणे वेगळे. आक्षेपार्ह भाषा, बियाण्याच्या भोंदू जाहिराती आणि रातोरात उत्पन्न दुप्पट करणारी औषधे, हे पुसण्याचे काम अ‍ॅडमिनने रोज केले पाहिजे. स्त्रिया प्रश्न विचारायच्या थांबल्या तर रोवणीपासून निंदणीपर्यंतचे निम्मे ज्ञान समूहातून गेलेच समजावे. ती कामे बहुतेक त्यांच्याच हातची असतात.

श्रेय देण्याची सवयही पहिल्या दिवसापासून लावावी लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. ते धानपट्ट्यात आणि बाहेरही पसरले. पुढे कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी या नावाने सुधारित वाण प्रसारित केले. मूळ श्रेयासाठी दादाजींना बरीच वर्षे झगडावे लागले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. धानपट्ट्यातल्या कोणत्याही समूहाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी. युक्ती कोणाची, हे व्हिडिओत चेहऱ्यासह किंवा निदान नाव-गावासह यावे, आणि त्या माणसाची परवानगी आधी घेतलेली असावी. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून आपल्या नावाने चढवणाऱ्या सदस्याला समज द्यावी, ऐकले नाही तर काढावे. यूट्यूबवर ९० दिवसांत हक्कभंगाच्या तीन नोटिसा आल्या तर सगळी वाहिनीच बंद होऊ शकते. पार्श्वभूमीला चित्रपटातले गाणे लावणेही त्यामुळे टाळावे. समूहाचे स्वतःचे व्हिडिओ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवले तर इतर गावांना ते श्रेय देऊन मोकळेपणाने वापरता येतात.

पैशाचा प्रश्न लवकर येतो. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी निदान १,००० सभासद आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे, ही अट २०१८ पासून आहे. केशोरीच्या मिरचीपुरत्या समूहाला ती गाठायला वेळ लागेल, आणि गाठली तरी उत्पन्न फारसे नसेल. त्याआधीच एखादा औषधविक्रेता ‘आमचे नाव घ्या’ म्हणून येतो. घेतलेला मोबदला जाहीर सांगावा, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी ठरवून दिले आहे. शेतीच्या समूहाने त्याहून कडक राहून कीटकनाशकांचे पैसे मुळीच घेऊ नयेत. शिकवणारा आणि विकणारा एकच झाला की प्रत्येक डागाला औषध सुचू लागते.

खाते कोणाच्या हाती आहे, हीदेखील चालवणाऱ्यांनी आधीच ठरवायची बाब आहे. नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही पाककृतींची लोकप्रिय वाहिनी २०२० मध्ये हॅक झाली होती. काही दिवसांनी ती परत मिळाली. परत मिळेलच अशी खात्री नसते. अनेक समूहांत तर एकाच मुलाच्या फोनवर सगळे असते, आणि तो शिक्षणासाठी नागपूरला गेला की वाहिनी थांबते. यूट्यूबवर पासवर्ड न सांगता इतरांना व्यवस्थापक किंवा संपादक म्हणून नेमता येते. असे निदान दोघे असावेत, आणि दोन टप्प्यांची ओळखपडताळणी चालू असावी. मूळ चित्रीकरण, संहिता आणि प्रश्नोत्तरांची यादी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जपली, तर वाहिनी बुडाली तरी साठा पुन्हा चढवता येतो.